नववीतल्या मुलाच्या हातात पुस्तक कसं पोचतं

आठवी-नववीतलं मूल पुस्तकाला हातच लावत नाही, ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना आधी एकच विचारते : त्याने स्वतःच्या मनाने शेवटचं पुस्तक कधी उचललं होतं? बहुतेकांना आठवत नाही. लहान होता तेव्हा चित्रांची पुस्तकं आईने आणली. नंतर गोष्टींची वडिलांनी आणली. वाढदिवसाला मामाने थोर पुरुषाचं चरित्र दिलं, स्नेहसंमेलनात शाळेने आणखी एक दिलं. शोकेस भरलं. त्यातलं एकही पुस्तक त्याने मागितलेलं नव्हतं.

मी नाशिकला पंचवटीतल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. आमची मुलं मार्केट यार्डातल्या हमालांची, रामकुंडाजवळच्या दुकानदारांची, मखमलाबाद-म्हसरूळकडच्या द्राक्ष बागायतदारांची, नोकरदारांचीही. घरात भरपूर पुस्तकं असलेली आहेत आणि पाठ्यपुस्तकाशिवाय एकही नसलेली आहेत. वाचायला नको म्हणणारं मूल मला दोन्हीकडे भेटतं. त्यामुळे ‘आमच्या घरात वातावरणच नाही हो’ असं कुणी म्हणालं, तर मी ते फार धरून बसत नाही. अशा घरांतली कितीतरी पोरं मधल्या सुट्टीत डबा घाईघाईने उरकून माझ्या खोलीत येऊन बसतात.

पाचवी-सहावीपर्यंत बरीच मुलं वाचत असतात. मग सुटतं. क्लास सुरू होतो, हातात मोबाइल येतो, हे तर आहेच. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं दिसतं. नेमकी याच वयात मोठी माणसं पुस्तकातून काहीतरी पदरात पडायला हवं असं म्हणू लागतात. शब्दसंग्रह वाढला पाहिजे, निबंध सुधारला पाहिजे, संस्कार झाले पाहिजेत, स्पर्धा परीक्षेचा पाया पक्का झाला पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं. पुस्तक म्हणजे अभ्यासाचा आणखी एक विषय, असं तो मनाशी ठरवतो आणि अंग काढून घेतो. म्हणून माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे : निवड त्याची असू द्या आणि वाचलेल्याचा हिशोब मागू नका. हे रोजच्या घरात कसं जमवायचं, ते पुढे लिहिते.

हिशोब मागायचा नाही म्हणजे काय

हिशोब अनेक प्रकारांनी मागितला जातो. ‘काय शिकलास यातून?’ हा नेहमीचा. ‘सारांश लिहून दाखव.’ ‘किती पानं झाली?’ ‘इतक्या दिवसांत एवढंच?’ पाहुण्यांसमोर ‘सांग बरं काकांना गोष्ट’ हा तर फारच वाईट प्रकार. त्यानंतर ते मूल कितीतरी दिवस पुस्तकाकडे फिरकत नाही. शाळासुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषा गौरव दिन. तात्यासाहेब नाशिकचे, त्यामुळे हा दिवस तर आपल्या घरचाच. मुलं पाठ केलेली भाषणं करतात, फलक रंगवतात. ते व्हावंच. मी त्या दिवशी एक करते, टेबलावर पुस्तकं मांडून ठेवते आणि सांगते, यातलं हवं ते घरी न्या, त्यावर काही लिहून द्यायचं नाही. ‘मॅडम, खरंच काही लिहायचं नाही?’ असं पुन्हा विचारून खात्री करून घेतात. मग नेतात.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभा असायला हवी. पंधरा-वीस पानांत मन रमलं नाही, तर परत. माझ्या देवघेवीच्या वहीत एखाद्या मुलाच्या नावापुढे आज नेलं, उद्या परत, परवा दुसरं नेलं, तेही परत, अशी ओळीने नोंद दिसली की मला बरं वाटतं. तो शोधतोय. वर्गशिक्षकांना वाटतं, हा नुसता टाइमपास करतोय. पण वर्षभर कपाटाकडे न आलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. कंटाळवाणी वर्णनं गाळू द्या. शेवट आधी वाचू द्या. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, त्यात त्याला काहीतरी सापडलंय.

मग बोलायचंच नाही का? बोला, तुम्ही स्वतः काय वाचताय त्याबद्दल बोला. रविवारच्या पुरवणीतलं असेल, दिवाळी अंकातलं असेल. आणि त्याने आपणहून तोंड उघडलं तर ‘बरं, मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारा. हा प्रश्न परीक्षेचा वाटत नाही, कारण उत्तर तुम्हालाही माहीत नसतं.

तो आधीपासून काय वाचतोय

मखमलाबादचा एक मुलगा नववीत होता. वाचनालयाच्या तासाला खिडकीजवळ बसून राहायचा. एकदा द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तो मांडीवर काहीतरी उलगडून वाचताना दिसला. जवळ जाऊन बघितलं, तर फवारणीच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद. मुंगीएवढी अक्षरं. तो बोट फिरवत ओळ शोधत होता.

‘मला नाही आवडत वाचायला,’ हे त्याने मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. मी विचारलं, ‘मग हे काय चाललंय?’

‘हे वाचन नाही मॅडम. पाऊस आला तर परत किती तासांनी मारायचं ते बघतोय.’

त्याने मला द्राक्षावरच्या डाऊनी आणि भुरी या रोगांतला फरक सांगितला. पानाच्या वरच्या बाजूला काय दिसतं, खालच्या बाजूला काय दिसतं, ढगाळ हवा राहिली तर आधी काय येतं. वर्गात मराठीचा उतारा वाचताना अडखळणारा हा मुलगा त्या बारीक टाइपातलं सगळं समजून वाचत होता, कारण घरी त्याच्यावर भरवसा ठेवला जात होता. मी त्याला कीटकांवरचं एक पातळ, रंगीत फोटोंचं पुस्तक दिलं. कादंबरी नाही, चरित्र नाही. दुसऱ्या दिवशी तो पान उघडूनच आला. त्यावर ठिपकेवाला लाल भुंगेरा होता. ‘हा आमच्या बागेत असतो. पिठ्या ढेकूण खातो. बाबा याला मारू देत नाहीत. यात तेच लिहिलंय!’ आपल्या वडिलांना माहीत असलेली गोष्ट छापलेली असते, हे त्याला त्या दिवशी दिसलं. पुढे त्याने पक्ष्यांचं नेलं, सापांचं नेलं, पाण्याचं नेलं. कथा-कादंबरीकडे तो फारसा वळला नाही आणि मी वळवायला गेलेही नाही.

तुमच्या घरात हेच शोधा. आठ दिवस नुसतं लक्ष ठेवा, बोलू नका. क्रिकेटचे आकडे वाचतो का? गाड्यांची मायलेज-इंजिनाची माहिती वाचतो का? मुलगी केसांच्या, त्वचेच्या औषधांवरची माहिती बारकाईने वाचते का? कुणी गड-किल्ल्यांच्या वाटा शोधतं. आपल्याकडे अंजनेरी, रामशेज, हरिहर करून आलेली पोरं खूप. कुणी भुताखेतांचे व्हिडिओ बघतं. जिथे त्याचं लक्ष आपोआप जातं, त्याच विषयावरचं पुस्तक, मासिक, नकाशा, चित्रकथा, काहीही चालेल. चित्रकथा वाचणं हेही वाचनच आहे. माहितीची पुस्तकं वाचणं हेही वाचनच आहे. वाचणारा म्हणजे कादंबरी वाचणारा, ही समजूत घरातून काढून टाकली की निम्मी मुलं आपोआप वाचणाऱ्यांत जमा होतात.

आधी हे तपासा : त्याला वाचता येतं का

हे लिहिताना जपून लिहितेय, कारण पालकांना ते लागतं. पण मुलाच्या ‘नको’मागे पुष्कळदा कंटाळा नसतो, दमणूक असते.

इंग्रजी माध्यमातली आणि सेमी-इंग्रजीतली बरीच मुलं मराठी सहज बोलतात, पण वाचताना जोडाक्षरापाशी थांबतात. ‘वैशिष्ट्य’, ‘स्वातंत्र्य’, ‘दुर्लक्ष’ अशा शब्दांवर प्रत्येक वेळी ठेच लागते. चौदाव्या वर्षी त्यांचं डोकं चौदाचं असतं आणि मराठी वाचायचा वेग तिसरी-चौथीचा. त्यांना पेलतील ती पुस्तकं बाळबोध वाटतात, आणि आवडतील ती पेलत नाहीत. लाज वाटते म्हणून ते ‘मराठी बोअर आहे’ म्हणतात. त्यांच्यावर रागावू नका. अशा मुलांना एकांकिका आणि नाटकांची पुस्तकं द्या. संवादाच्या ओळी लहान असतात, बोलीभाषा असते, पानावर मोकळी जागा असते, आणि पान पटकन संपतं. पान पटकन संपणं ही या मुलांसाठी फार मोठी गोष्ट आहे. दुसरा उपाय म्हणजे ऐकत ऐकत वाचणं : मोबाइलवर बोलकं पुस्तक लावायचं आणि तेच छापील पुस्तक समोर ठेवून डोळे फिरवायचे. काही आठवड्यांत वेग सुधारलेला दिसतो. आणि तो इंग्रजीत आनंदाने वाचत असेल तर वाचू द्या. मराठीचा आग्रह म्हणून त्याच्या हातातलं इंग्रजी पुस्तक काढून घेऊ नका. मराठीची गोडी लावायला पुष्कळ वाटा आहेत, त्याचं वाचन तोडणं ही त्यातली वाट नव्हे.

डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतं म्हणजे जवळचं नीट दिसतं असं नाही. आणि लहानपणापासून अक्षरं उलटसुलट होणं, ओळ सुटणं, ऐकून सगळं समजणं पण वाचून न समजणं असं असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. यात कमीपणा काही नाही. निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘मी ढ आहे’ हे ओझं उतरतं.

मोठ्याने वाचा आणि योग्य जागी थांबा

हा माझा सगळ्यात आवडता उपाय. मोठ्या मुलांना कुणी वाचून दाखवत नाही. दुसरीनंतर आपण ते बंद करतो. पण मिसरूड फुटलेली मुलंसुद्धा गोष्ट ऐकायला गप्प बसतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

दहावीच्या एका वर्गाला मी रत्नाकर मतकरींची एक गूढकथा वाचायला घेतली. पावसाळी दुपार, वर पंख्याचा आवाज, मागच्या बाकावर कुजबुज. मी आवाज वाढवत नाही, उलट खाली आणते, म्हणजे मागच्यांना ऐकायचं असेल तर गप्प व्हावं लागतं. घाई करत नाही. भीतीच्या जागी तर आणखी सावकाश. पाचेक मिनिटांत कुजबुज थांबली. तास संपायला थोडा वेळ उरला होता आणि गोष्टही नेमकी दारावर हात ठेवल्याच्या जागी आली होती. मी पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं. ‘मॅडम, संपवा ना!’ असा एकच गलका झाला. मी म्हटलं, घंटा झाली, पुस्तक इथेच आहे. सगळ्यांत आधी आली ती मागच्या बाकावर बसणारी मुलगी, जिने वर्षभरात एकही पुस्तक नेलेलं नव्हतं. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली. तिच्या मागे तीन मैत्रिणी खांद्यावरून डोकावत होत्या, आणि त्यांच्यासाठी तिला मोठ्याने वाचावं लागलं.

घरी हे करताना काही गोष्टी सांभाळा. आधी तुम्ही ते पान वाचून ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते माहीत असेल. प्रकरणाच्या शेवटी थांबू नका, तिथे मन मोकळं होतं. मध्येच थांबा, जिथे काहीतरी व्हायच्या बेतात आहे तिथे. मग फोन आला म्हणून, कुकर लावायचा म्हणून उठा आणि पुस्तक पालथं ठेवून जा. परत येऊन लगेच वाचायला बसू नका. आणि या वाचनात उपदेशाचं काही घेऊ नका. भीती, रहस्य, विनोद, फजिती हेच घ्या.

उलटंही करता येतं. घरात आजी-आजोबा असतील, मोतीबिंदूमुळे त्यांना वाचायला त्रास होत असेल, तर पेपरमधली एक बातमी रोज नातवाने वाचून दाखवायची. त्यांना खरंच गरज असते आणि त्याला आपण उपयोगी पडतोय हे कळतं. आजी मध्येच थांबवून जुनं काहीतरी सांगते, ते वेगळंच. अशा पद्धतीने मराठी वाचनाचा वेग वाढलेली मुलं मी बघितली आहेत, आणि त्यांना कुणी ‘वाच’ म्हटलेलं नव्हतं.

कोणती पुस्तकं

याद्या देताना मी हात आखडता घेते, कारण पालक यादी घेऊन सरळ दुकानात जातात आणि सगळी विकत आणतात. यादी मुलाला दाखवायची असते. तरी मला आलेला अनुभव सांगते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो, पण अकराव्या-बाराव्या वर्षी. नववीतल्या मुलाला तो हातात घेताना लहान झाल्यासारखं वाटतं. त्याला द्यायचं असेल तर ‘तुझ्या धाकट्या भावासाठी आहे, जरा वाचून दाखव त्याला’ म्हणून द्या. रहस्य आणि भीती आवडणाऱ्यांना मतकरी आणि नारायण धारप. पालक नाक मुरडतात, पण माझ्या कपाटातली सगळ्यात जास्त वेळा पुन्हा बाइंडिंग केलेली पुस्तकं हीच आहेत.

विज्ञानाकडे ओढ असलेल्या मुलांना जयंत नारळीकरांच्या कथा. देताना एक हकिगत नक्की सांगा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाची म्हणून कथेला झुकतं माप मिळू नये, एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे ऐकलं की मुलं ती कथा शोधतात. नाशिकला २०२१ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते, हेही आमच्या मुलांना जवळचं वाटतं.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलाची गोष्ट आहे, त्यात पहिलं प्रेम आहे, शिव्या आहेत, मास्तरांच्या नकला आहेत. पालक विचारतात, ‘हे द्यावं का?’ माझं स्पष्ट मत आहे की द्यावं. त्याच्या मनात जे चाललंय ते कुणीतरी गंभीरपणे लिहिलंय, हे त्याला कळायलाच हवं. देताना सूचना देऊ नका, कपाटात दिसेल असं ठेवा. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन मला स्वतःला फार प्रिय आहे, पण त्यातली बेळगावकडची कानडी वळणाची भाषा नवख्या वाचकाला जड जाते. तो थोडा रुळल्यावर द्या, पहिलं पुस्तक म्हणून नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आकाराने लहान आहे, वाक्यं लहान आहेत, शेळ्या-मेंढ्या आणि दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्या मुलांना ती लगेच भिडते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे मात्र चरित्र असूनही मुलं आपणहून मागतात, आणि शेतकऱ्यांची मुलं जास्त मागतात.

सहाशे-सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी वाढदिवसाला देऊ नका. ती वाचायची वेळ येते तेव्हा मूल स्वतः मागतं. तोवर ती शोकेसमध्ये उभी राहून त्याला रोज आठवण करून देते की आपण वाचत नाही.

गावाच्या खुणांवरून पुस्तकाकडे

नाशिकच्या मुलांना एक फायदा आहे. रोज ज्या रस्त्याने शाळेत जातात, त्याच रस्त्यावर पुस्तकातल्या गोष्टी घडलेल्या आहेत. काळारामाच्या दरवाजासमोरून माझी निम्मी मुलं येतात. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला, हे त्यांना एका ओळीत पाठ असतं. दादासाहेब गायकवाड कोण होते, लोक कुठून आले, दरवाजे बंद झाल्यावर काय झालं, हे विचारलं की गप्प होतात. आणि मग दोघं-तिघं विचारायला येतात. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. तो जेमतेम अठराच्या आसपासचा होता. आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा मुलगा, हे लक्षात आलं की दहावीतली पोरं एकदम गंभीर होतात. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात.

सुट्टीच्या दिवशी अशा एका जागी घेऊन जा. तिथे भाषण करू नका. मिसळ खा, जागा बघा, एखादा प्रश्न सहज टाका आणि उत्तर देऊ नका. त्यावरचं पुस्तक वाचनालयात आहे एवढं माहीत करून ठेवा. मुलाने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर तो दिवस नुसता फिरण्याचा झाला, काही बिघडलं नाही.

मोबाइल

याबद्दल फार लिहीत नाही. मोबाइल काढून घेऊन पुस्तक हातात देऊ नका, पुस्तक ही शिक्षा होऊन बसते. ज्या वेळा मोबाइलला तशाही अडचणीच्या असतात तिथे पुस्तक ठेवा : जेवणाच्या आधीची दहा मिनिटं, डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत, सिटीलिंकच्या बसमध्ये रेंज जाते तो भाग, रात्री मोबाइल चार्जिंगला लावल्यानंतरचा वेळ. चार्जर मुलाच्या खोलीत न ठेवता दिवाणखान्यात ठेवा, आणि तुमचा मोबाइलही तिथेच लावा. तुमचा नसेल तर हा नियम दोन दिवससुद्धा टिकत नाही. आणि मोबाइलवर वाचत असेल तर ते वाचनच धरा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. काही मुलांना आपल्या आई-बाबांच्या लहानपणीचे अंक चाळायला आवडतं.

पुस्तकं आणायची कुठून

विकत घेणं हा शेवटचा मार्ग ठेवा. विकत आणलेलं पुस्तक ‘पैसे घातलेत, आता वाच’ असं होऊन बसतं. वाचनालयातलं पुस्तक मोकळेपणाने परत करता येतं, आणि न वाचणाऱ्या मुलाला नेमका तोच मोकळेपणा हवा असतो.

आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० सालचं. शालिमारजवळ, परशुराम साईखेडकर नाट्यगृह ज्या आवारात आहे तिथे. जिथे राहता तिथून जवळचं वॉर्डातलं लहान वाचनालय असेल तरी चालेल, चालत जाता आलं पाहिजे हे जास्त महत्त्वाचं. मोठ्या सोसायटीत राहत असाल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची चौकशी करा. नाशिकमधूनच सुरू झालेला हा उपक्रम, त्यात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि ठरावीक काळाने बदलते. अशी पेटी सोसायटीत आली तर तिची किल्ली आणि नोंदवही नववी-दहावीच्या मुलांकडे द्या. कोणी काय नेलं, कोणी परत केलं नाही, कोणतं फाटलं, हे सगळं त्यांनाच बघू द्या. पुस्तकं हाताळता हाताळता ती उघडली जातात. माझ्या वाचनालयातही दाखल नोंदवहीत क्रमांक घालायला, शिक्के मारायला, पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायला मी मुद्दाम न वाचणारी मुलं बोलावते. काम अर्ध्यात टाकून भिंतीला टेकून वाचत बसलेला मुलगा दिसला, तर मी त्याला उठवत नाही.

वाचनालयाचं कार्ड मुलाच्या नावाने काढा. अनामत तुम्ही भरा, कार्ड त्याच्या खिशात राहू द्या. सुरुवातीला सोबत जा, पण कपाटांपाशी त्याच्या मागे उभे राहू नका, तुम्ही वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसा. त्याला वेळ लागेल. पुष्कळदा तो कव्हर बघूनच निवडेल, निवडू द्या. बाहेर पडताना पिशवीत डोकावून बघू नका. उशिरा परत केल्याचा दंड झाला तर तो त्याने त्याच्या खाऊच्या पैशातून भरावा, म्हणजे परतीची तारीख तो लक्षात ठेवतो. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयांच्या वेळा बदलतात, त्या निघण्याआधी विचारून घ्या.